स्पायनल कॉर्डचे चढते-उतरते मार्ग आणि लहान मेंदू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिजिओथेरपी आणि नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी न्यूरोअ‍ॅनाटॉमी शिकवते. इंटर्नल परीक्षा जवळ आली की रात्री साडेअकराला फोनवर मेसेज येतात, मॅडम हे ट्रॅक्ट डोक्यातच शिरत नाहीयेत, आणि दर वर्षी प्रश्न तेच असतात. काही प्रश्न पेशंटच्या घरच्यांचे पण आहेत, तेही इथे घेतलेत. मी मुलांना एकच सांगते, नावं नंतर, आधी प्रत्येक मार्ग बाजू कुठे बदलतो ते पक्कं करा. ते जमलं की निम्म्याहून जास्त प्रश्न आपोआप सुटतात.

१. असेंडिंग म्हणजे वर जाणारे आणि डिसेंडिंग म्हणजे खाली येणारे, एवढंच ना?

हो, एवढंच. अंगाकडून मेंदूकडे बातमी नेणारे असेंडिंग, मेंदूकडून स्नायूंकडे हुकूम आणणारे डिसेंडिंग. स्पायनल कॉर्ड (मज्जारज्जू) आडवी कापली की मध्ये फुलपाखरासारखा करडा भाग दिसतो, त्यात पेशी असतात, आणि बाहेर पांढरा भाग, त्यात तंतूंचे जुडगे. एकाच कामाचा, एकाच ठिकाणी जाणारा जुडगा म्हणजे ट्रॅक्ट. मोठ्या माणसात कॉर्ड साधारण ४५ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम करंगळीएवढी जाड, आणि तिच्यातून नसांच्या ३१ जोड्या निघतात.

डिसेक्शनला कॉर्डचा काप हातात घेतल्यावर मुलं हमखास विचारतात की यात ट्रॅक्ट कुठे दिसतात. नाही दिसत. पुस्तकातले लाल-निळे रंग आपल्या सोयीसाठी असतात, प्रत्यक्षात सगळं एकसारखं पांढरं. जुन्या लोकांनी इजा झालेल्या कॉर्डमध्ये कोणते तंतू झडत गेले ते मायक्रोस्कोपखाली बघून एकेक मार्ग शोधलाय, आणि मला ते फार मोठं काम वाटतं.

२. एवढी नावं लक्षात कशी ठेवायची?

एसटीची पाटी वाचता ना, पुणे–नाशिक, तसंच वाचायचं. पहिलं नाव निघण्याचं ठिकाण, दुसरं पोचण्याचं. स्पायनोथॅलॅमिक म्हणजे कॉर्डमधून निघून थॅलॅमसला (मेंदूच्या आतलं संवेदनांचं जंक्शन), कॉर्टिकोस्पायनल म्हणजे कॉर्टेक्समधून (मेंदूचा बाहेरचा थर) कॉर्डला. 'स्पायनो' पुढे असेल तर चढता, 'स्पायनल' शेवटी असेल तर उतरता. रुब्रो म्हणजे मिडब्रेनमधला (ब्रेनस्टेमचा वरचा भाग) रेड न्यूक्लियस (न्यूक्लियस म्हणजे पेशींचा पुंजका), टेक्टो म्हणजे मिडब्रेनचं छप्पर, व्हेस्टिब्युलो म्हणजे तोल सांभाळणारे व्हेस्टिब्युलर न्यूक्लिआय. पाटी नसलेले दोनच, ग्रेसिलिस आणि क्युनियाटस, ती नावं आकारावरून पडलीत, एक सडपातळ आणि दुसरा पाचरीसारखा.

३. डॉर्सल कॉलम आणि स्पायनोथॅलॅमिक, दोन्ही संवेदनाच नेतात, मग दोन रस्ते कशाला?

कारण दोन्हींचं काम वेगळं आहे. खिशात हात घालून न बघता रुपयाचं नाणं कुठलं आणि पाचाचं कुठलं ते सांगता येतं, ते डॉर्सल कॉलममुळे, म्हणजे कॉर्डच्या मागच्या भागातल्या ग्रेसिलिस आणि क्युनियाटसमुळे. बारीक स्पर्श, व्हायब्रेशन, सांधा कुठल्या स्थितीत आहे याची जाण, हे सगळं तिथून जातं. चहाचा ग्लास गरम आहे, सुई टोचली, खाज सुटली, हे स्पायनोथॅलॅमिकमधून जातं, आणि ढोबळ स्पर्शही.

तंतूही वेगळे. डॉर्सल कॉलमचे जाड, मायलिनचं चांगलं वेष्टण असलेले, सेकंदाला ३०–७० मीटर वेगाने निरोप नेणारे. दुखण्याचे बारीक, आणि त्यातले सी तंतू तर सेकंदाला मीटरभरच जातात. उंबऱ्याला पायाचं बोट ठेचलं की आधी कळतं काहीतरी लागलं, आणि मग एक क्षण थांबून ती खरी कळ येते, तो मधला क्षण म्हणजे या वेगातला फरक. आणि ठेचलेलं बोट आपण लगेच चोळतो ना, ते पण उगाच नाही, जाड तंतूंतून आलेला स्पर्श कॉर्डमध्येच दुखण्याचा निरोप थोडा दाबतो. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेली गेट कंट्रोलची कल्पना ती हीच, पुढे तिच्यात बऱ्याच सुधारणा झाल्या पण मूळ मुद्दा राहिला.

स्पर्श दोन्ही रस्त्यांनी जातो म्हणून एकच रस्ता बंद पडला तर स्पर्श पूर्ण जात नाही. त्यामुळे तपासताना नुसता कापूस फिरवून थांबू नका, ट्यूनिंग फोर्क आणि पिन दोन्ही वापरा.

४. कोण कुठे क्रॉस होतो ते एकदाच नीट सांगा ना.

सांगते, आणि हे उत्तर वहीत वेगळ्या पानावर लिहा.

डॉर्सल कॉलम: पहिली पेशी डॉर्सल रूट गॅंगलियनमध्ये (कॉर्डच्या बाहेरची पेशींची गाठ), तिचा तंतू कॉर्डमध्ये शिरतो आणि बाजू न बदलता, मध्ये कुठेही न थांबता थेट मेड्युलापर्यंत (ब्रेनस्टेमचा खालचा भाग, कॉर्डच्या लगेच वर) जातो. पायाच्या अंगठ्यापासून मेड्युलापर्यंत एकच पेशी, म्हणजे मीटरभराहून लांब. मेड्युलात ग्रेसिलिस किंवा क्युनियाटस न्यूक्लियसमध्ये दुसरी पेशी, तिचे तंतू इंटर्नल आर्क्युएट फायबर म्हणून बाजू बदलतात, मिडियल लेम्निस्कस होऊन थॅलॅमसच्या व्हीपीएल न्यूक्लियसला जातात, आणि तिथून तिसरी पेशी पोस्टसेंट्रल जायरसला (संवेदनांचा कॉर्टेक्स).

स्पायनोथॅलॅमिक: पहिला तंतू शिरल्यावर एक-दोन सेगमेंट (सेगमेंट म्हणजे नसांच्या एका जोडीचा कॉर्डचा टप्पा) वर-खाली होतो, तेवढ्यात डॉर्सल हॉर्नमध्ये (करड्या भागाचं मागचं टोक) पेशी बदलते, आणि दुसरा तंतू तिथल्या तिथे अँटिरियर व्हाइट कमिशरमधून (दोन बाजू जोडणारा मधला पांढरा पूल) पलीकडे जाऊन मग वर चढतो. पुढे तोही व्हीपीएललाच.

कॉर्टिकोस्पायनल: वरून येताना मेड्युलाच्या खालच्या टोकाला, पिरॅमिडच्या डिकसेशनमध्ये (तंतू बाजू बदलतात ती जागा) बाजू बदलतो.

म्हणजे कॉर्डच्या उजव्या अर्ध्या भागात उजव्या अंगाचा डॉर्सल कॉलम, उजव्या अंगाचा कॉर्टिकोस्पायनल, आणि डाव्या अंगाचं दुखणं-तापमान. हे तीन शेजारी डोळ्यांसमोर असले की प्र. १२, १३ आणि १७ पाठ करावे लागत नाहीत.

५. पायाचे तंतू आत की बाहेर? प्रत्येक ट्रॅक्टला वेगळं का सांगतात?

तंतू कुठल्या बाजूने येतात त्यावर आहे. डॉर्सल कॉलममध्ये नवे तंतू बाहेरच्या बाजूने येतात, त्यामुळे आधी आलेले पायाचे मध्यरेषेकडे सरकतात. म्हणून ग्रेसिलिस आत, आणि टी६ (सी मान, टी छाती, एल कंबर, पुढे सेगमेंटचा आकडा) च्या वर आलेले हाताचे क्युनियाटसमध्ये बाहेर. स्पायनोथॅलॅमिकमध्ये नवे तंतू मध्यरेषा ओलांडून आतल्या बाजूने येतात, त्यामुळे जुने बाहेर ढकलले जातात आणि सेक्रल (सगळ्यात खालचे, बसायच्या जागेचे) सगळ्यात कडेला. लॅटरल कॉर्टिकोस्पायनलमध्येही हाताचे आत, पायाचे बाहेर.

याचा वॉर्डात खरा उपयोग होतो. गाठ कॉर्डच्या आत वाढत असेल तर कडेचे सेक्रल तंतू शेवटपर्यंत वाचतात, म्हणून बसायच्या जागेची संवेदना शाबूत आणि वर सगळं बधिर असं चित्र दिसू शकतं.

६. कॉर्टिकोस्पायनल म्हणजे बेट्झ सेलचा ट्रॅक्ट, बरोबर?

व्हायवात असं उत्तर देऊ नका. एका पिरॅमिडमध्ये साधारण दहा लाख तंतू असतात आणि बेट्झ पेशींचे (मोटर कॉर्टेक्समधल्या खूप मोठ्या पेशी) त्यातले जेमतेम ३ टक्के. बाकीचे प्रायमरी मोटर, प्रीमोटर आणि अगदी सेन्सरी कॉर्टेक्समधूनही येतात. ८५ ते ९० टक्के तंतू डिकसेशनमध्ये बाजू बदलून लॅटरल ट्रॅक्ट होतात, हे बोटांची बारीक कामं करणारे, सुईत दोरा ओवणं, शर्टाचं बटण लावणं. उरलेले बरेचसे अँटिरियर ट्रॅक्टमध्ये सरळ खाली येतात आणि आपल्या लेव्हलला कमिशरमधून पलीकडे जातात, काही दोन्ही बाजूंना जातात. हे मान आणि धडाच्या स्नायूंचे, म्हणून स्ट्रोकमध्ये हात-पाय गेला तरी धडाची ताकद बरीच टिकते.

७. बाकीचे उतरते ट्रॅक्ट वाचायचे का, की ऑप्शनला टाकू?

वाचा, दहा मिनिटांचं काम आहे. व्हेस्टिब्युलोस्पायनल (लॅटरल) बाजू बदलत नाही, पाय ताठ ठेवणाऱ्या एक्स्टेन्सर स्नायूंना चालना देतो, धक्का बसल्यावर तोल सावरतो तो हा. रेटिक्युलोस्पायनल टोन (स्नायूंचा ताण) आणि चालणं बघतो. टेक्टोस्पायनल मिडब्रेनमध्ये क्रॉस होऊन मानेपर्यंतच येतो, अचानक आवाज आला की मान वळते त्यासाठी. रुब्रोस्पायनलही मिडब्रेनमध्येच क्रॉस होतो, माणसात तो अगदी छोटा, मांजरात मोठा.

८. यूएमएन आणि एलएमएन लिजनमध्ये मी कायम घोळ घालतो.

लिजन म्हणजे बिघाड. एलएमएन (लोअर मोटर न्यूरॉन) म्हणजे अँटिरियर हॉर्नमधली (करड्या भागाचं पुढचं टोक) पेशी आणि तिची स्नायूपर्यंतची नस. ती गेली तर स्नायूला कुणीच वाली नाही, तो लुळा पडतो, सुकतो, रिफ्लेक्स जातात. यूएमएन (अप्पर मोटर न्यूरॉन, वरून तिच्यापर्यंत येणारा) गेला तर खालची पेशी शाबूत असते पण तिच्यावरचा वरचा ताबा सुटतो, म्हणून टोन वाढतो, रिफ्लेक्स जोरात येतात, आणि तळपाय कडेने घासला की अंगठा वर उठतो. हे चिन्ह बाबिन्स्कीने १८९६ मध्ये सांगितलं. साधारण वर्षाच्या आतल्या बाळात मात्र ते नॉर्मल, कारण कॉर्टिकोस्पायनलवर मायलिन अजून पुरतं चढलेलं नसतं.

अपवाद लक्षात ठेवा: कॉर्डला अचानक इजा झाली तर पहिले काही दिवस किंवा आठवडे स्पायनल शॉक असतो, तेव्हा यूएमएन लिजन असूनही पाय लुळेच असतात.

९. सेरेबेलमला (लहान मेंदूला) एवढी माहिती जाते, मग ती आपल्याला जाणवत कशी नाही?

कारण ती थॅलॅमसमार्गे सेन्सरी कॉर्टेक्सला जातच नाही, सरळ सेरेबेलमला जाते. कुठला स्नायू किती ताणलाय हे त्याला सतत लागतं. पायाची माहिती डॉर्सल स्पायनोसेरेबेलरमधून: क्लार्क कॉलमपासून (करड्या भागातला पेशींचा खांब) निघतो, बाजू बदलत नाही, इन्फिरियर पेडंकलमधून (पेडंकल म्हणजे सेरेबेलमला ब्रेनस्टेमशी जोडणारा देठ) आत. क्लार्क कॉलम साधारण सी८ ते एल२-३ एवढाच असतो, म्हणून त्याच्या खालचे पायाचे तंतू आधी ग्रेसिलिसमधून वर येऊन तिथे पोचतात. हाताची माहिती क्युनियोसेरेबेलरमधून.

व्हेंट्रल स्पायनोसेरेबेलर सगळ्यांना छळतो. तो कॉर्डमध्ये क्रॉस होतो, थेट पॉन्सपर्यंत (मेड्युला आणि मिडब्रेनच्या मधला भाग) चढतो, सुपिरियर पेडंकलमधून शिरतो आणि सेरेबेलममध्ये पुन्हा क्रॉस होऊन मूळ बाजूला येतो. दोनदा क्रॉस म्हणजे शेवटी त्याच बाजूला. मधल्या, सगळ्यात जाड पेडंकलमधून कॉर्डचं काही येत नाही, तो फक्त पॉन्टाइन तंतूंचा रस्ता.

१०. उजवा मेंदू गेला तर डावी बाजू लुळी, मग उजवा सेरेबेलम गेला तर लक्षणं उजवीकडेच का?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. पाटी-पेन्सिल घ्या. उजव्या सेरेबेलमच्या डेंटेट न्यूक्लियसमधून रेघ काढा, ती सुपिरियर पेडंकलमधून निघून मिडब्रेनमध्ये डावीकडे जाते (पहिलं क्रॉसिंग), डाव्या थॅलॅमसच्या व्हीएलला, मग डाव्या मोटर कॉर्टेक्सला. डाव्या कॉर्टेक्समधून कॉर्टिकोस्पायनल खाली येतो आणि मेड्युलात उजवीकडे येतो (दुसरं क्रॉसिंग). रेघ उजव्या हातावर आली. कॉर्टेक्सकडून सेरेबेलमकडे जाणारी रेघही अशीच, डावा कॉर्टेक्स, डावे पॉन्टाइन न्यूक्लिआय, तिथून क्रॉस होऊन मधल्या पेडंकलमधून उजवा सेरेबेलम. एकदा स्वतःच्या हाताने काढलंत की विसरणं शक्य नाही, मी फळ्यावर चार वेळा काढलेलं उपयोगाचं नाही.

लक्षणं म्हणजे लकवा नव्हे. ताकद असते, पण नाकाला बोट लावताना ते जवळ येईल तसं थरथरतं, तळहातावर हात उलटा-सुलटा आपटायला सांगितला की लय बिघडते, बोलणं तुटक होतं. मधला भाग, म्हणजे व्हर्मिस बिघडला तर एक बाजू असं नसतं, धडाचाच तोल जातो, माणूस पाय फाकवून चालतो. वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्यांत हे दिसतं.

११. पेशंट झोकांड्या खातोय, सेरेबेलम का डॉर्सल कॉलम ते कसं ओळखू?

डोळे मिटायला सांगा. पाय जोडून, डोळे उघडे असताना नीट उभा राहतो आणि मिटल्यावर हलायला लागतो, तर रॉम्बर्ग पॉझिटिव्ह, बिघाड डॉर्सल कॉलममध्ये किंवा पायाच्या नसांमध्ये (तोल सांभाळणारा व्हेस्टिब्युलर भागही कधीकधी असू शकतो). पायाची बातमी येत नाही, ती उणीव तो डोळ्यांनी भरून काढत होता. सेरेबेलमवाला डोळे उघडे असतानाही नीट उभा राहू शकत नाही. शेजारी उभं राहून, हात तयार ठेवूनच ही टेस्ट करा, पडतात माणसं.

माझ्याकडे आलेले एक आजोबा, तक्रार एकच, सकाळी बेसिनशी तोंड धुताना पुढे कोसळायला होतं, बाकी दिवसभर ठीक. साबण लावला की डोळे मिटतात, एवढंच कारण. अंगठ्याच्या हाडावर १२८ हर्ट्झचा फोर्क ठेवला तर म्हणाले, "गार लागतंय." थरथर कळतच नव्हती, गारपणा कळत होता. प्र. ३ मधले दोन रस्ते एका वाक्यात सांगितले त्यांनी. कारण पुढे बी१२ निघालं, ते प्र. १४ मध्ये.

१२. ब्राऊन-सेकार्ड सिंड्रोम पाठ न करता कसं लिहायचं?

कॉर्डचा अर्धा भाग कापला गेला, समजा उजवा, आणि प्र. ४ उघडा. उजवीकडे लेव्हलखाली ताकद जाते, व्हायब्रेशन आणि सांध्याची जाण जाते. डावीकडे दुखणं आणि तापमान जातं, एक-दोन सेगमेंट खालून, कारण तंतू क्रॉस होण्याआधी थोडे वर चढतात. आणि अगदी इजेच्या लेव्हलला उजवीकडे सगळ्याच संवेदनांचा एक पट्टा बधिर, आणि तिथले स्नायू एलएमएन प्रकारचे. जो पाय हलत नाही त्याला चटका कळतो, जो हलतो त्याला कळत नाही. चार्ल्स-एदुआर ब्राऊन-सेकार्ड मॉरिशसमध्ये १८१७ साली जन्मला, आणि हे त्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवलं.

१३. हाताला चटके बसतात, कळत नाही, पण स्पर्श कळतो. हे कुष्ठरोगच ना?

आपल्याकडे आधी त्याचाच विचार करायचा, आणि ते बरोबरच आहे. पण सिरिंगोमायलिया पण आठवा. कॉर्डच्या मधोमध पोकळी तयार होते आणि कमिशरमधून क्रॉस होणारे दुखणं-तापमानाचे तंतू दोन्ही बाजूंचे तुटतात. डॉर्सल कॉलम मागे सुरक्षित, म्हणून स्पर्श शाबूत. बधिरपणा खांद्यावर शाल घेतल्यासारखा, दोन्ही हातांवर. पोकळी पुढे अँटिरियर हॉर्नपर्यंत गेली की हाताचे स्नायूही सुकतात. कुष्ठरोगात बधिरपणा चट्ट्यांवर किंवा एखाद्या नसेच्या हद्दीत असतो, कोपराशी अल्नर नस जाड लागते. तपासताना कोपर चाचपायला विसरू नका.

१४. बी१२ कमी झालं की नेमके कोणते ट्रॅक्ट जातात?

डॉर्सल कॉलम आणि लॅटरल कॉर्टिकोस्पायनल, म्हणून तर नावात 'कंबाइन्ड' आहे: सबअ‍ॅक्यूट कंबाइन्ड डीजनरेशन. स्पायनोथॅलॅमिक बहुतेक वाचतो. गंमत अशी दिसते की बाबिन्स्की पॉझिटिव्ह आणि घोट्याचा रिफ्लेक्स गायब, कारण सोबत पायाच्या नसाही बिघडलेल्या असतात. बी१२ प्राणिज पदार्थांतूनच मिळतं, त्यामुळे घरात पूर्ण शाकाहार आणि दूध-दही पण बेताचं असेल तर मुंग्यांची तक्रार वयावर ढकलू नका, तपासून घ्या. आणि नुसतं फॉलिक अ‍ॅसिड देत राहिलं तर रक्त सुधारतं पण कॉर्डचं नुकसान चालूच राहतं.

१५. बाबांची एल४-एल५ डिस्क सरकलीय, स्पायनल कॉर्ड दबली का?

कॉर्ड एवढ्या खाली नसतेच. मोठ्या माणसात ती एल१-एल२ च्या आसपास संपते, खाली नसांचा जुडगा असतो, घोड्याच्या शेपटीसारखा, त्याला कॉडा इक्विना म्हणतात. म्हणून तिथे दाब आला तर लक्षणं एलएमएनची (प्र. ८). पाठीतलं पाणी एल३-४ किंवा एल४-५ मधून काढतात तेही याचसाठी. पण लघवी अडली, किंवा बसायची जागा बधिर झाली, किंवा दोन्ही पाय कमजोर वाटायला लागले, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

१६. पाय गेले, दुखणं कळत नाही, पण व्हायब्रेशन नॉर्मल. असं कसं?

रक्तपुरवठ्यामुळे. पुढची एकच अँटिरियर स्पायनल आर्टरी कॉर्डचा पुढचा दोन तृतीयांश भाग सांभाळते, मागच्या दोन पोस्टिरियर आर्टरी डॉर्सल कॉलम. पुढची बंद पडली की मागचं वाचतं.

१७. चेहरा डावीकडे बधिर आणि अंग उजवीकडे? चुकून लिहिलंय का?

नाही, हा वॉलेनबर्ग सिंड्रोम, मेड्युलाच्या डाव्या कडेचा स्ट्रोक. अंगाचा स्पायनोथॅलॅमिक खालीच क्रॉस होऊन आलेला असतो, म्हणून उजव्या अंगाचं दुखणं-तापमान जातं. चेहऱ्याचे ट्रायजेमिनल तंतू अजून क्रॉस व्हायचे असतात, म्हणून डावा चेहरा. शेजारचा इन्फिरियर पेडंकल सापडतो म्हणून डाव्या हातापायाचा अटॅक्सिया (हालचालींचा ताळमेळ जाणं). पिरॅमिड मध्यरेषेजवळ असल्याने ताकद शाबूत.

१८. सगळ्यांचेच ट्रॅक्ट क्रॉस होतात का? एखाद्याचे झालेच नाहीत तर?

एका हुशार मुलीने विचारलेला प्रश्न, आता दर वर्षी येतो. आहेत अशी माणसं, फार थोडी. रोबो३ नावाच्या जीनमध्ये दोन्ही प्रतींत बिघाड असला तर वाढत्या गर्भात तंतूंना मध्यरेषा ओलांडताच येत नाही, पिरॅमिडचं डिकसेशन होत नाही, मिडियल लेम्निस्कसही क्रॉस होत नाही. अशा माणसांचा उजवा मेंदू उजवाच हात चालवतो. डोळे डावी-उजवीकडे वळत नाहीत आणि पाठीचा कणा लहानपणापासून वाकत जातो, त्यावरून ते डॉक्टरांपर्यंत पोचतात. पण हाताची ताकद आणि बोटांची बारीक कामं बहुतेकांची ठीक असतात. बाजू का बदलायची याचं माझ्याकडे असलेलं कुठलंही सोपं उत्तर इथे अडतं. त्या मुलीला मी प्र. १० ची आकृती क्रॉसिंगशिवाय काढायला दिली, आणि तिनेच दाखवलं की कॉर्टिकोस्पायनलचं क्रॉसिंग खोडलं आणि सेरेबेलमचं तसंच ठेवलं तर उजव्या सेरेबेलमची रेघ डाव्या हातावर जाऊन थांबते.